उसातला बिबट्या, गोठ्यातल्या शेळ्या आणि व्हॉट्सॲपवरचे ठसे : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

कारखान्याचे भोंगे वाजले, ऊसतोड सुरू झाली की माझा फोन पण वाजायला लागतो. कुणी ठशाचा फोटो पाठवतं, कुणी रात्री साडेबाराला व्हॉइस नोट टाकतं, कुणी नुसतंच "खरं काय ओ?" म्हणून फॉरवर्ड आलेला व्हिडिओ ढकलतं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जमत नाही म्हणून यातले काही प्रश्न इथं घेतलेत. नावं गाळलीत, गावाऐवजी तालुका लिहिलाय, कारण गावाचं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी तिथं बघ्यांच्या गाड्या लागतात आणि मग फॉरेस्टवाल्यांना बिबट्या सोडून माणसंच आवरत बसायला लागतं.

"आमच्याकडं ना डोंगर ना जंगल, जिकडं बघंल तिकडं ऊस. मग हा बिबट्या आला कुठनं? जंगलात खायला मिळत नाही म्हणून बिचारा भटकत आलाय म्हणालेत सगळे." (हातकणंगले तालुका)

बिचारा वगैरे काही नाही हो. भटकत पण नाही आला, राहायलाच आहे तो. कदाचित तुमच्याच शिवारात जन्मलेला असेल आणि त्याची आई पण उसातच जन्मलेली असेल. आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय की बिबट्या म्हणजे जंगलात, आणि बाहेर दिसला म्हणजे चुकला. त्याच्या दृष्टीनं जंगल म्हणजे दिवसा कुणाच्या नजरेला न पडता झोपता येईल अशी जागा, जवळ पाणी आणि रात्री पोटाला काहीतरी. हे तिन्ही आपण त्याला दिलंय. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, आत माणूस शिरत नाही, पाटाचं नाहीतर ठिबकचं पाणी कायम, आणि कडेच्या वस्तीवर कुत्री, डुकरं, कोंबड्या. आपल्या पश्चिमेच्या जंगलात त्याला भेकर, पिसोरी, साळिंदर, माकडं मागं लागून पकडायला लागतात, इथं कोंबड्याच्या दुकानामागं टाकलेली घाण खायला आलेलं कुत्रं आयतं मिळतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या बरोबरच्या अभ्यासकांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. तिथं पण आपल्यासारखंच, ऊस, मका, वस्त्या, दाट लोकसंख्या, जंगल जवळपास नाहीच. तिथं कॅमेरे लावून बघितलं तर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले, आणि लोकांना त्यातले बरेचसे माहीत पण नव्हते. विष्ठा तपासल्या तेव्हा वजनाच्या हिशोबानं त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. आता गंमत बघा, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या तरी खाण्यात शेळीचा वाटा फक्त ११ टक्के. का? तर शेळीला रात्री कोंडतात, दिवसा तिच्यामागं काठी घेतलेलं माणूस असतं. कुत्र्याच्या मागं कुणीच नसतं. मला विचाराल तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिबट्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गावच्या उकिरड्यावर पडलंय, पण ग्रामपंचायतीत जाऊन कचऱ्याचं बोललं की लोक म्हणतात हे काय मधेच, पिंजऱ्याचं बोला.

जंगल कमी झालं हे खोटं नाही. पण तुमच्या हातकणंगल्यातला बिबट्या जंगल तुटलं म्हणून काल निघून आज पोचलाय असं नाही. नदीकाठ, ओढे, उसाचे पट्टे धरून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेत ते.

"आमच्या फडात तोडकऱ्यांना दोन पिल्लं घावली. पोरांनी उचलून घेतली, फोटो काढले, कुणीतरी दूध पाजायला बघितलं. आता माणसाचा वास लागला म्हणून आई घेणार नाही म्हणालेत. खरं का?" (पन्हाळा तालुका, एक ताई)

ताई, हे शंभर टक्के खोटं आहे आणि या एका गैरसमजापायी किती पिल्लं आयुष्यभर पिंजऱ्यात गेलीत. माणसाचा वास लागला तरी आई पिल्लं नेते. नेतेच. जुन्नर भागात, नाशिककडं, आपल्याकडं पण फॉरेस्टनं आणि तिथल्या डॉक्टरांनी अशी कितीतरी पिल्लं आईला परत मिळवून दिलीत.

होतं कसं ते सांगतो. मादी साधारण तीन महिन्यांत वितते, बहुतेक वेळा दोन-तीन पिल्लं. सुरवातीला डोळे मिटलेले असतात, आठवडा-दहा दिवसांनी उघडतात, अंगावरचा रंग जरा राखाडी मळकट, ठिपके एकात एक मिसळलेले. ती शिकारीला जाते तेव्हा पिल्लं दाट पाचटात ठेवून जाते आणि कधी रात्रभर, कधी अख्खा दिवस पण परत येत नाही. म्हणजे पिल्लं एकटी दिसली याचा अर्थ ती पोरकी असा नाही. आणि तोडणी चालू असताना ती तिथंच कुठंतरी शेजारच्या सरीत दबून बसलेली असायची शक्यता जास्त, फक्त वीस-पंचवीस कोयत्यांचा आवाज आहे म्हणून बाहेर येत नाही.

तर पिल्लं दिसली की तोडणी तेवढ्या तुकड्यात थांबवायची, मुकादम ओरडला तरी थांबवायची, माणसं लांब करायची आणि १९२६ वर फोन लावायचा, तो वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे. दूध पाजायचं नाही, गाईचं तर नाहीच, पिल्लांना जुलाब लागतात. फॉरेस्टवाले येतात, पशुवैद्य पिल्लं तपासतात, मग संध्याकाळी त्याच जागी, अगदी जिथं सापडली तिथंच, आपलं टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट असतं ना, त्यात ठेवतात आणि शेजारी कॅमेरा लावतात. अंधार पडला, माणसांचा वावर थांबला की ती येते. आधी लांबनं एक फेरी मारते, बसते, परत उठते. मग कॅरेट पंजानं कलंडते आणि एकेक पिल्लू मानगुटीला तोंडात धरून नेते. एक नेलं की दुसऱ्यासाठी परत यायला कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री परत ठेवतात.

आणि हे करणं तुमच्याच फायद्याचं आहे. पिल्लं गायब झाली तर ती आई चार-पाच रात्री तोच परिसर धुंडाळत फिरते, आवाज देते, चिडलेली असते. त्या काळात कुणी पाणी पाजायला गेलं तर काय होईल बघा.

एक बारीकशी गोष्ट : फडात सापडलेलं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. रानमांजरीची पिल्लं पण उसातच असतात, त्यांच्या अंगावर ठिपक्यांची फुलं नसतात, फिकट पट्टे असतात. पण ओळखायच्या नादात उचलू नका, फोटो लांबनं काढून पाठवा.

"रात्री दोनला लाईट येते. मोटर चालू करायला जायलाच लागतं. काय करू सांगा." (करवीर तालुका)

दादा, खरं उत्तर म्हणजे शेतीला दिवसा लाईट पाहिजे, आणि ते माझ्या हातात नाही. पण तोवर हे करा. एकटं जाऊ नका. जाताना गप्प जाऊ नका, मोठ्यानं बोलत, मोबाईलवर गाणी लावून जा, भजन लावा नाहीतर लावणी लावा, बिबट्याला फरक पडत नाही, माणूस येतोय एवढं कळलं की तो बाजूला होतो. त्याला पण तुमची गाठ पडायला नको असते. त्या अकोले तालुक्यात गळ्यात ठिकाण कळवणारी कॉलर घातलेले बिबटे रात्री घरांपासून पंचवीस मीटरच्या आतनं जात होते आणि आत झोपलेल्यांना पत्ता नव्हता, दिवस उगवायच्या आत परत आडोशाला. वेळ आपल्याला देऊन टाकलीय त्यानं, दिवस आपला, रात्र त्याची. भानगड तेव्हा होते जेव्हा आपण त्याच्या वेळेत, त्याच्या जागेत, आवाज न करता जातो.

दुसरं म्हणजे वाकणं. रानात वाकून, बसून काम करणारं माणूस त्याला माणूस वाटत नाही. उभं माणूस दोन पायांवर, उंच, त्याच्या ओळखीचं. उकिडवं बसलेलं माणूस उंचीला शेळी नाहीतर कुत्र्याएवढं. म्हणून पहाटे अंधारात उसाच्या कडेला परसाकडला बसणं, दिवस मावळताना बांधावर वाकून वैरण कापणं आणि लहान पोरं उसाशेजारी खेळत ठेवणं, या तीन गोष्टी मी सगळ्यात धोक्याच्या मानतो. दारं धरताना टॉर्च जमिनीवर न मारता आधी चौफेर फिरवा, डोळे चमकले की थांबा. डोळे मांजराचे पण चमकतात, म्हशीचे पण चमकतात, पण थांबायला पैसे पडत नाहीत.

समोरासमोर आलाच तर पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. हात वर करून, घोंगडं असेल तर ते पसरून, मोठ्यानं ओरडत हळूहळू मागं सरकायचं, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. वाकून दगड उचलायचा मोह टाळा, वर सांगितलं ते आठवा.

"बिबट्या रक्त पितो का? आमच्या शेळीच्या गळ्याला फक्त दोन भोकं होती, बाकी सगळी आख्खी." (कागल तालुका)

नाही पीत. शिकार मारताना तो गळा धरतो आणि श्वास बंद होईपर्यंत सोडत नाही, काही मिनिटं लागतात, सुळे आत जातात तिथं भोकं दिसतात. रक्त बाहेर फार आलेलं नसतं म्हणून लोकांना वाटतं पिऊन टाकलं, खरं तर ते आतल्या आतच राहिलेलं असतं. शेळी आख्खी राहिली कारण कुणीतरी उठलं असेल, लाईट लावली असेल, कुत्रं भुंकलं असेल. तो जवळच थांबला होता, परत येणार होता.

"एका रात्रीत आठ शेळ्या मारल्या आणि खाल्ली एकच, ती पण अर्धी. एवढा माज कशाला त्याला?" (शाहूवाडी तालुका)

तुमचं नुकसान ऐकून वाईट वाटलं, आठ शेळ्या म्हणजे एखाद्या घराचं वर्ष गेलं. पण माज नाही तो. रानात काय होतं, कळपातलं एक धरलं की बाकीचे पळून जातात, विषय संपला. गोठ्यात बाकीच्यांना पळायला जागाच नसते. त्या ओरडतात, याच्या अंगावरनं उड्या मारतात, भिंतीला धडकतात, आणि त्या धडपडीनं त्याची मारायची प्रवृत्ती परत परत जागी होते. भुकेशी त्याचा संबंध राहत नाही. कोल्हा खुराड्यात शिरला की हेच करतो.

म्हणून सगळा खेळ आत शिरू न देण्याचा आहे. मी बघितलेल्या बहुतेक गोठ्यांत दार भक्कम असतं, कडी-कुलूप असतं, आणि वर पत्रा अन् भिंतीमध्ये दीड-दोन फुटाची मोकळी पट्टी हवेला सोडलेली असते. बिबट्या सहज नऊ-दहा फूट उंच उडी मारतो, त्या पट्टीतनं आत जायला त्याला काहीच त्रास नाही. तिथं जाड जाळी ठोका, कोंबडीची पातळ जाळी नको, ती फाडतो तो. खाली कुडाची भिंत असेल तर तळाला फरश्या नाहीतर दगड लावा. हे करायला येणारा खर्च एका शेळीच्या किमतीत बसतो.

भरपाईसाठी : मेलेली जनावरं हलवू नका, पुरू नका, धुऊन काढू नका. लगेच वनरक्षकाला कळवा, त्याच दिवशी. पंचनामा झाल्याशिवाय पुढं काही सरकत नाही, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. फोटो काढताना जखमा आणि आजूबाजूचे ठसे दोन्ही येतील असे काढा.

"आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ठशाचा फोटो आलाय, बिबट्याच आहे म्हणून पोरं शाळेला पाठवायचं बंद केलंय लोकांनी. फोटो पाठवलाय, बघा." (कोल्हापूर शहर, आर. के. नगरकडं)

बघितला. कुत्रं आहे. मोठं आहे, पण कुत्रंच.

आता कसं ओळखलं ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच ग्रुपवर सांगाल. तुमच्या फोटोत चारही बोटांच्या पुढं बारीक टोचे दिसतात, ती नखं. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, चिखलात घसरला नाहीतर चढ चढत असला तरच उमटतात. मग बोटांमागची तळव्याची गादी बघा. मांजरकुळात गादी मोठी, बोटांच्या मानानं चांगली रुंद, आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्र्याची गादी लहान, त्रिकोणी. कुत्र्याची मधली दोन बोटं पुढं सारखी आलेली असतात, ठशाच्या मधोमध रेघ मारली की दोन्ही बाजू जुळतात. बिबट्याच्या ठशात एक बोट जरा पुढं असतं, जुळत नाही. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण ७-८ सेंटिमीटर रुंद. फोटो काढताना शेजारी काडेपेटी नाहीतर दहाचं नाणं ठेवा, नाहीतर मापाचा काही अंदाजच येत नाही, झूम केलेला मांजराचा ठसा पण वाघाचा वाटतो.

तरसाचा ठसा पण फसवतो, त्याची नखं दिसतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. रात्री गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडताना तरस दिसलं की निम्मे लोक बिबट्या म्हणतात. तरस मागं उतरतं, मानेवर आयाळ, अंगावर पट्टे. व्हिडिओत चालणं नीट दिसलं तर शेपटी बघा, बिबट्याची शेपटी लांब, जवळजवळ अंगाएवढी, निवांत चालताना टोक वर वळवतो आणि खालचा पांढरा भाग दिसतो.

आणि हो, चित्ता म्हणून लिहिलंय ग्रुपवर कुणीतरी. कोल्हापूर संस्थानात शिकारीला पाळीव चित्ते असायचे हे खरं, बाहेरनं पण आणलेले होते. पण तो जमाना गेला. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी धार असते. आर. के. नगरात नाही येणार तो.

"पिंजरा लावून धरा आणि दाजीपूरच्या जंगलात नेऊन सोडा. एवढं साधं काम होत नाही का?" (राधानगरी, करवीर, शिरोळ, सगळीकडनं हाच प्रश्न)

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा, म्हणून जरा सविस्तर.

साधं वाटतं, पण हे करून बघून झालंय आणि अंगलट आलंय. २००१ नंतर जुन्नर भागात भराभर पिंजरे लावले, पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात, अभयारण्यात नेऊन सोडले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि जिथं सोडले त्या जंगलांच्या आजूबाजूला पण हल्ले सुरू झाले, जिथं आधी असलं काही नव्हतं. का? तर ओळखीच्या शिवारात त्याला प्रत्येक वाट माहीत असते. कुठली वस्ती रात्री किती वाजता झोपते, कुठं कुत्रं बांधलेलं नसतं, कुठनं गेलं की माणूस आडवा येत नाही. अनोळखी मुलखात सोडलं की यातलं काहीच नाही. वर पिंजऱ्यात धडपडून दात मोडलेले, नखं तुटलेली, माणसांच्या गर्दीनं बिथरलेला. आणि ते जंगल काही रिकामं नसतं, तिथला मालक आधीच आहे. तो याला हाकलतो. मग हा निघतो घराकडं.

चालायला पण कमी नाहीत हे. अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीतनं काढलेला एक म्हातारा नर होता, त्याला अभ्यासकांनी आजोबा नाव दिलं होतं. २००९ ला कॉलर घालून माळशेज घाटात सोडला तर तो महिनाभरात शंभरावर किलोमीटर चालून, हायवे ओलांडत, रेल्वे ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. या सगळ्या वाटेत कुणाला ओरखडा नाही काढला त्यानं. म्हणजे तुम्ही दाजीपूरला सोडाल आणि तो तिथंच बसेल या भरवशावर राहू नका.

इकडं तुमच्या शिवारात काय होतं? जागा मोकळी झाली. नर बिबट्या स्वतःच्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही, झाडावर मूत्र फवारतो, पायानं माती उकरून ठेवतो, खोडावर नखं ओढतो, ही त्याची पाटी. तो गेला की महिन्या-दोन महिन्यांत दुसरा येतो, कधी कधी एकाच्या जागी दोन तरणे येतात, आणि तरण्यांना अजून अक्कल आलेली नसते, ते दिवसा दिसतात, गोठ्यात घुसायचं धाडस करतात. तुम्ही शहाणा घालवून अडाणी आणलात.

याचा अर्थ पिंजरा कधीच लावू नये असा नाही. एखादा बिबट्या माणसांवर परत परत हल्ला करायला लागला तर त्याला धरलाच पाहिजे, आणि परत सोडायचा नाही. त्यात मी दयामाया सांगणार नाही, ज्या घरातलं पोर गेलं त्या घरासमोर बसून वन्यजीव संरक्षणावर भाषण देणारा माणूस मला आवडत नाही. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा, हे नको. पिंजऱ्याची परवानगी पण त्यामुळंच वरनं घ्यायला लागते, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे तो.

"एकदा माणसाचं रक्त लागलं की चटक लागते ना?" (भुदरगड तालुका)

एका अपघाती हल्ल्यानं तो नरभक्षक होत नाही. बहुतेक हल्ले वाकलेल्या माणसाला चुकून धरल्याचे, पिल्लाजवळ गेल्याचे नाहीतर गर्दीनं कोंडल्याचे, आणि त्यात तो एक पंजा मारून पळालेला असतो. काही मोजके खरंच माणसाला भक्ष्य समजायला लागतात, ते वेगळं प्रकरण आणि त्याचं वर सांगितलं.

"रात्री आमच्या घरामागं करवतीनं लाकूड कापल्यासारखा आवाज येतो, थांबून थांबून. आजी म्हणते बिबट्या. एवढ्या रात्री लाकूड तर कोण कापणार नाही." (गगनबावडा तालुका)

आजी बरोबर आहेत. तुम्ही वर्णन पण अगदी नेमकं केलंय. खर्र-खर्र, खर्र-खर्र, आत-बाहेर श्वास घेत दहा-पंधरा वेळा, मग शांत. हा बोलावणं किंवा हद्द सांगणं यातलं काहीतरी असतं. मादी माजावर असली की जास्त ऐकू येतो. नर-मादी चार-सहा दिवस बरोबर राहतात आणि मग आपापल्या वाटेनं, पिल्लं वाढवायचं सगळं काम तिचं, दीड-दोन वर्षं. आवाज येतोय म्हणजे तुमच्यावर चाल करून येतोय असं समजू नका. शिकारीला निघालेला बिबट्या तोंडातनं चकार शब्द काढत नाही.

"सह्याद्रीत वाघ आणून सोडालेत. मग तिथले बिबटे आमच्या गावात उतरणार का?" (शाहूवाडी तालुका, चांदोलीच्या बाजूला)

प्रश्न एकदम योग्य आहे. ताडोबाकडनं वाघीण आणून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचं काम सुरू झालंय. वाघ जिथं बस्तान बसवतो तिथं बिबट्या कडेला सरकतो, वाघ त्याला मारतो पण. मोठी शिकार, गवा-सांबर, वाघाची, बारकी बिबट्याची, वेळ पण बदलून घेतात. त्यामुळं जंगलाच्या कडेच्या वाड्यांवर जरा वावर वाढू शकतो, हे मी लपवणार नाही. पण चांदोली-कोयनेचं जंगल मोठं आहे आणि वाघ बोटावर मोजण्याएवढे, तेव्हा उद्या सकाळी बिबट्यांची दिंडी खाली उतरणार असं काही नाही. रानकुत्र्यांचं पण बघा, राधानगरीत कोळसुनांची टोळी मागं लागली की बिबट्या झाडावर चढून बसतो, तरी हजारो वर्षं एकत्र राहतातच.

"काळा बिबट्या वेगळी जात असते का?" (राजारामपुरी, सहावीतला विद्यार्थी)

नाही बाळा, तोच बिबट्या. अंगात काळा रंग जास्त असतो एवढंच. तिरका उजेड पडला की काळ्यावर पण ठिपके दिसतात. साध्या रंगाच्या आई-बापाला पण काळं पिल्लू होऊ शकतं, फक्त दोघांकडनं तो गुण यायला लागतो. पश्चिम घाटाच्या दाट, ओल्या जंगलात ते जास्त आढळतात, कर्नाटकात काळी नदीच्या बाजूला पण.

"शहरात शिरला तर?" (ताराबाई पार्क)

घरात जा. दार लावा. वरच्या गॅलरीतनं पण आरडाओरडा करू नका.

शहरात शिरलेला बिबट्या जवळजवळ कायम तरणा असतो, आईपासून सुटलेला, स्वतःची जागा शोधत रात्री ओढ्या-नाल्यानं आलेला, आणि उजाडलं तेव्हा आजूबाजूला भिंतीच भिंती. अंधार पडेपर्यंत त्याला एका जागी दबून राहू दिलं तर बऱ्याचदा तो आल्या वाटेनं निघून जातो. पण आपल्याकडं काय होतं, अर्ध्या तासात पाचशे माणसं, भिंतीवर पोरं, हातात मोबाईल आणि दगड. तो या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात पळतो आणि वाटेत येईल त्याला पंजा मारतो. बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं तरी लगेच पडत नाही, पाच-दहा मिनिटं जातात, आणि त्या दहा मिनिटांत गर्दी ओरडली तर औषध पण नीट चढत नाही, डोस परत द्यायला लागतो, त्यात जनावर मरू पण शकतं. जखमी झालेल्या लोकांची चौकशी केली तर बहुतेक सगळे बघायला गेलेले निघतात.

"विहिरीत पडलाय, पोहतोय, काय टाकू?" (हा आलेला फोन होता, पन्हाळा तालुका. उत्तर सगळ्यांना उपयोगी म्हणून देतो.)

आधी १९२६. तोवर लाकडी फळी, ट्यूब, चार कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज, जे असेल ते हळू खाली सोडा, म्हणजे त्याला टेकायला मिळतं. पोहता चांगलं येतं पण दमतो. फॉरेस्टची गाडी आली की ते एकतर पिंजरा खाली सोडतात नाहीतर शिडी लावतात. शिडी लावली तर माणसं पूर्ण लांब पाहिजेत, तो वर आला की कुठल्या दिशेनं सुटेल सांगता येत नाही. आणि बिनकठड्याची विहीर असेल तर बिबट्या निघाल्यावर सत्कार-फोटो नंतर करा, आधी कठडा बांधा. पुढच्या वेळी आत तुमची म्हैस असेल.

"मित्राच्या ओळखीनं बिबट्याचं नख मिळतंय, सोन्यात मढवून गळ्यात घालायला. घेऊ का?" (कोल्हापूर शहर)

नको घेऊस भावा. खरं असेल तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं आत, विकणारा पण आणि घेणारा पण. आणि बाजारात फिरणारी बरीच नखं शिंगाची नाहीतर खुराची कोरलेली असतात, म्हणजे पैसे पण गेले. विकणाऱ्याचा नंबर मला पाठवू नको, १९२६ ला दे.